बदली गुळणी

बैलगाडी शर्यतीच्या मैदानात माइक कधी गप्प बसत नाही. बैल थांबतात, गाडीवान थांबतात, झेंडा हलवणारा पंच मध्येच उसाच्या फडाकडं जाऊन येतो, पण माइक चालूच. माइक थांबला की लोकांना वाटतं काहीतरी झालं, आणि मग खरंच काहीतरी होतं. निकाल आता ड्रोन देतो, भांडणं मात्र अजून हातानंच होतात. म्हणून समालोचनाला दोन माणसं लागतात. एक, ज्याचं नाव पत्रिकेवर छापतात तो. दुसरा त्याचा बदली.

मी बदली.

पत्रिकेवरचं नाव बाळगोंडा खोत. सगळे त्यांना आबा म्हणतात. मिरजेपासून जतपर्यंत कुठलंही मोठं मैदान असो, सकाळपासून दिवस मावळेपर्यंत आबांचा आवाज चालायचा, आणि लोक म्हणायचे, काय घसा आहे माणसाचा, घोटभर पाणी पीत नाही. त्या वेळी आबा मांडवामागं बसून भाकरी आणि खर्डा खात असायचे. चालू असलेला आवाज माझा असायचा. आमची रीत ठरलेली होती. आबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला की त्यांनी वाक्य जिथं सोडलं तिथून मी उचलायचं. ‘आनि डाव्या अंगाची कोसा खोंडाची जोडी’ इथपर्यंत आबा, ‘बघता बघता निघाली की वो पुढं’ हा मी. जोड कुणाला कळायची नाही. बैलांनासुद्धा.

माझं स्वतःचं नाव भरतेश मगदूम, वय चौतीस, लग्नाचं बघणं चालू आहे. मी आबांच्या घरचा नाही, पण जेवतो तिथंच. माझा स्वतःचा आवाज मैदानात कुणी ऐकलेला नाही. घरी ऐकलाय. त्यात ऐकण्यासारखं काही नसतं, असं आईचं मत आहे.

आबांच्या मानेत गाठ आली तेव्हा सगळं गाव म्हणालं, एवढं ओरडल्यावर दुसरं काय होणार. मिरजेच्या दवाखान्यातल्या डॉक्टर शाहीन मुलाणी म्हणाल्या, ओरडण्यानं कॅन्सर झाला असता तर माझे सगळे मास्तर गेले असते. आबा तंबाखू सोडाच, सुपारीही खात नव्हते. हा विषाणूचा कॅन्सर होता. पॅपिलोमा नावाचा एक विषाणू असतो. तसा गरीब. बहुतेक माणसांच्या अंगात तो कधी ना कधी येतो आणि काही न बोलता निघून जातो. एखाद्याच्या घशात मात्र, टॉन्सिलच्या घडीत, अंग चोरून बसतो. वीस-पंचवीस वर्षं बसतो. मग एक दिवस तिथल्या पेशींना वेगळं काहीतरी शिकवतो.

“आनि ह्यो येतो कुठनं?” आबांच्या बायकोनं, म्हणजे अक्कांनी विचारलं होतं.

“जवळच्या संबंधातून येतो.”

“किती जवळच्या?”

डॉक्टर कॉम्प्युटरकडं बघायला लागल्या. मग म्हणाल्या, “अक्का, विषाणूवर तारीख नसते. लग्नाआधीचा असेल, तुमच्याकडूनही आला असेल. ते शोधून औषध बदलत नाही.”

 त्यानंतर बरेच दिवस अक्कांनी आबांना रोजच्या तांब्याऐवजी काचेच्या ग्लासातून पाणी दिलं. पाहुण्याला देतात तसं, खाली बशी ठेवून.

मग किरणं झाली, औषधं झाली, नाकातून नळी झाली. आबा निम्मे राहिले आणि वाचले. आवाज परत आला तो चाळणीतून गाळल्यासारखा. लोकांना तो जास्तच आवडला. तो नवा घोगरा आवाज उचलायला मला एक चहा पुरला.

खरी भानगड बरं झाल्यावर सुरू झाली. दवाखान्यानं घरी एक यंत्र दिलं.

यंत्र मिसळणाच्या डब्याएवढं होतं. दर सोमवारी सकाळी त्याच्यासमोर बसून आपलं नाव सांगायचं, मिठाच्या पाण्याची गुळणी करायची आणि ती त्याच्या तोंडात थुंकायची. कल्पना साधी होती. कॅन्सरच्या पेशी वाढतात तशा मरतातही, आणि मरताना त्यांच्यातल्या विषाणूच्या डीएनएचे तुकडे बाहेर सांडतात. नुसता आलेला-गेलेला विषाणू असेल तर त्याचा डीएनए अख्खा मिळतो. पेशी फुटून सांडलेले तुकडे ठरावीक मापाचे असतात, करवतीखालच्या भुशासारखे. यंत्र तो भुसा मोजायचं. भुसा सापडला, म्हणजे कुठंतरी लाकूड कापलं जातंय. कुठं ते अजून दिसत नसेल, स्कॅनलाही कदाचित वर्षभर दिसणार नाही, पण करवत चालू झाली आहे.

तुकडे कुणाचे हे मात्र यंत्र बघत नव्हतं. माणसाचा डीएनए घरात वाचायला कायद्यानं बंदी होती. विषाणूचा वाचा, त्याला खाजगी आयुष्य नसतं. म्हणून गुळणी योग्य माणसाचीच आहे याची खात्री ते आवाजावरून करायचं. जगात आवाजापेक्षा खात्रीची गोष्ट नाही, असं यंत्र बनवणाऱ्याला वाटलं असणार. तो कधी आमच्या मैदानात आलेला नव्हता.

यंत्र बाईच्या आवाजात, पुस्तकातल्यासारखं शुद्ध बोलायचं. अक्का त्याला ‘बाई’च म्हणायच्या.

“नमस्कार, बाळगोंडाजी. कृपया आपले नाव आपल्या आवाजात सांगा.”

“आत्ता तूच घेतलंस की माझं नाव,” आबा म्हणायचे.

पहिले काही सोमवार असे चेष्टेत गेले. गुळणी, मग बाई विचार करायची, मग ‘शून्य’. शून्य आलं की अक्का शिरा करायच्या. पण हळूहळू आठवड्याला वेगळाच उतार लागला. मंगळवार-बुधवार आबा माणसात असायचे. शुक्रवारी त्यांचं जेवण कमी व्हायचं. शनिवारी ते आवंढा गिळून बघायचे, परत गिळून बघायचे, आणि मला विचारायचे, “भरत्या, मी आत्ता गिळलं तवा आवाज आला का रं?” रविवारी मैदान. अंतिम फेरी सुटलेली असायची, लोक मचाणावर उभे, आणि आबांचा हात माझ्या खांद्यावर यायचा. पूर्वी भाकरीसाठी यायचा. आता मांडवामागं जाऊन ते नुसते बसून राहायचे, एक हात मानेवर.

आजार बरा झाला होता. दर सोमवारी तो नव्यानं होऊ शकत होता, एवढंच.

अशाच एका सोमवारी अक्का डेअरीला दूध घालायला गेल्या होत्या. बाईनं नाव विचारलं. आबांनी मिठाच्या पाण्याचा पेला उचलला आणि परत खाली ठेवला.

“मला न्हाय जमत,” आबा म्हणाले.

“आबा, गुळणीच हाय.”

“गुळणी न्हवं लेका. ही बाई दर सोमवारी इचारती, बाळगोंडा, मरनार हायस का? आनि आपन चूळ भरून उत्तर द्याचं. मी मानूस हाय का नळ?”

“कृपया आपले नाव आपल्या आवाजात सांगा,” बाई म्हणाली.

आबांनी माझ्याकडं बघितलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

मी विचार केला नाही. पंधरा वर्षांची सवय आहे; त्या हाताखाली मी विचार करत नाही, वाक्य उचलतो. “बाळगोंडा सातगोंडा खोत,” मी घोगऱ्या आवाजात म्हणालो.

“आवाज जुळला. धन्यवाद.”

मला अभिमान वाटला. खोटं कशाला सांगू? गावचे गाडीवान फसतात ते ठीक, पण ही जर्मन बनावटीची बाई होती. मी पेला घेतला, खुळखुळ केलं, थुंकलो. शून्य. अक्का आल्या आणि शिऱ्याला रवा भाजायला लागल्या.

“ह्या बारीचं तेवढंच,” आबा मला कुजबुजले.

पुढच्या सोमवारीही तेवढंच झालं. त्याच्या पुढच्याही. अक्का डेअरीला गेल्या की आम्ही बसायचो. मी नाव सांगायचो, आबा शेजारी पेपर वाचायचे. गुळणी माझी, शून्य माझं, जीव आबांचा. आबांचं जेवण वाढलं, वजन वाढलं. त्या हंगामात ते असे बोलले की लोक बैल सोडून मांडवाकडं बघत होते. मला वाटलं, वैद्यकशास्त्र हेच तर करतं. माणसाला बरं वाटायला लावतं. आम्ही फक्त मधला खर्च काढून टाकला होता.

एका सोमवारी बाई नेहमीपेक्षा जास्त वेळ गप्प राहिली. बाई गप्प राहिली की काय होतं ते मला माहीत असायला हवं होतं. माइक थांबल्यासारखंच ते.

“अकरा,” बाई म्हणाली. “कृपया घाबरू नका. आपल्या दवाखान्याला कळवण्यात आले आहे.”

बाईला कुणीतरी सांगायला हवं होतं की आमच्याकडं ‘घाबरू नका’ हे घाबरण्यासारखं असलं तरच म्हणतात.

नेमक्या अक्का दारात होत्या. रिकामी किटली खाली ठेवून त्या आत आल्या, तांब्यात पाणी भरलं आणि आबांच्या तोंडाला लावलं. काचेचा ग्लास नाही, रोजचा तांब्या. आबा पीत असताना त्यांनी खालून तांब्याचं बूड धरून ठेवलं होतं. “काय हुनार न्हाई,” त्या म्हणाल्या. “पयल्या बारीला काय झालं? काय न्हाई. आता बी काय न्हाई.” आणि बूड सोडेनात.

मी आणि आबा गोठ्यामागं गेलो.

“ते माझं न्हवं,” आबा म्हणाले. त्यांच्या तोंडून ते सुटलंच. चेहऱ्यावर रंग आला, छाती भरली, आणि मग त्यांची नजर माझ्यावर आली. एवढ्या जवळून मी माणसाचा आनंद मरताना कधी बघितला नव्हता.

“भरत्या.”

“मशीन हाय. चुकतं कवाकवा,” मी म्हणालो.

“माझ्या आवाजात बोलू नगंस.”

मला कळलंच नव्हतं. भीती वाटली की मी आबांच्या आवाजात जातो. तो आवाज मुळात कमी घाबरलेला आहे.

“सांगूया अक्काला,” आबा म्हणाले.

“काय सांगायचं? इतके दिवस तुमच्या नावानं मी थुंकतोय म्हणून?”

आबांनी गव्हाणीतली वैरण उगाच सारखी केली. अक्कांची भीती त्यांना कॅन्सरपेक्षा जुनी होती. “मग परवा दवाखान्यात बघू काय म्हनत्यात,” ते म्हणाले. दोन शहाण्या माणसांनी मिळून यापेक्षा वाईट काही ठरवलं असेल तर ते मला माहीत नाही.

दाढी करताना मी मान बघितली. उजव्या जबड्याखाली काहीतरी होतं. मग डाव्या बाजूलाही तसंच काहीतरी आहे हे लक्षात आलं आणि बरं वाटलं. दोन्हीकडं असेल तर ते अंगाचंच. मग उजवीकडचं थोडं मोठं वाटलं. मग बोटच मोठं वाटलं. विषाणू कुठून आला असेल याचाही विचार झाला. मला फार आठवावं लागलं नाही, एकच नाव होतं. तिचं लग्न होऊन ती आता जयसिंगपुरात दोन मुलांना घेऊन सुखात आहे. फोन करून काय विचारणार? बरी आहेस ना, घसा काय म्हणतो?

मिरजेला वडापनं गेलो. वडापला आता ड्रायव्हर नसतो, गाडी आपली आपण चालते. पण सगळी सीटं भरल्याशिवाय जागची हलत नाही. तेवढं सॉफ्टवेअर आमच्याकडंच लिहिलंय. अक्का आमच्या दोघांच्या मध्ये बसल्या होत्या, आबांचा हात धरून. एकदा माझ्याकडं वळून म्हणाल्या, “तू कशाला एवढा पांढरा पडलायस? तुझा मामा गेल्यागत.”

डॉक्टर मुलाणींनी आबांच्या नाकातून बारीक कॅमेरा घातला आणि पडद्यावर आबांचा घसा आला. गुलाबी, ओला, स्वच्छ. आम्ही तिघं त्या घशाकडं टीव्हीवर कुणाची मुलाखत चालू असल्यासारखे बघत राहिलो.

“दिसत काही नाही,” डॉक्टर म्हणाल्या. “पण ते अपेक्षितच आहे. आकडा आधी येतो, गाठ मागून. पूर्वी आम्ही गाठ दिसायची वाट बघायचो आणि मग परत तीच किरणं, तीच नळी. आता एक लस आहे. तुमच्याच रक्तातल्या पांढऱ्या पेशींना त्या तुकड्यांची ओळख करून देते, मग त्या जाऊन शोधतात. आकडा लहान असेपर्यंतच ती चालते. कॅमेऱ्याशिवाय नुसत्या डोळ्यांना दिसण्याइतकं वाढलं की तिचा उपयोग नाही.”

अकरा लहान धरायचे की मोठे, हे मी मनातल्या मनात ठरवायला लागलो.

“आधी इथं एक गुळणी घेऊ. आणि रक्त.”

टेबलावर तसंच यंत्र होतं. आबांनी नाव सांगितलं. स्वतः. कित्येक सोमवारांनी त्यांनी पेला तोंडाला लावला आणि माझ्याकडं बघत खुळखुळ केलं. आम्ही बाहेर बाकावर बसलो. आबांचा गुडघा हलत होता. त्यांची भीती खरी होती. त्यांच्या घशात काय आहे हे इतके दिवस कुणीच विचारलेलं नव्हतं. माझा गुडघा हलत नव्हता, कारण मी तो दोन्ही हातांनी धरला होता.

आत बोलावलं. गुळणीत शून्य, रक्तात शून्य.

“घरचं यंत्र चुकलेलं दिसतंय,” डॉक्टर हसून म्हणाल्या. “क्वचित असं होतं, आत काहीतरी राहून जातं. मी तपासायला पाठवते आणि तुम्हाला नवीन देते. तो अकराचा आकडा काढून टाकू. जा घरी, जेवा.”

अक्का रडायला लागल्या, मग हसायला लागल्या, मग डॉक्टरांच्या टेबलाला हात लावून तो हात छातीला लावला. “शिरा घेऊन येते तुमास्नी,” त्या म्हणाल्या. “रविवारी येते बघा.”

मी उठलो. सगळ्यात आधी मीच उठलो. डॉक्टर म्हणाल्या होत्या, यंत्र चुकलंय. त्या शिकलेल्या होत्या. मी बी.ए. तिसऱ्या वर्षाला सोडलेलं होतं, मी कोण त्यांना चूक ठरवणारा? आकडा काढून टाकणार होत्या, म्हणजे तो नव्हताच. दार चार पावलांवर होतं. दाराबाहेर वडाप होती, वडाप भरली की घर होतं, घरी शिरा होता. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात सोपं काम होतं ते. फक्त काही बोलायचं नव्हतं. आणि बोलायला तसंही माझ्याकडं काही नव्हतं. तोंड उघडलं असतं तर आबांचाच आवाज आला असता, आणि तो म्हणाला असता, चला, बरं झालं.

आबा उठले नव्हते.

“अवो, उठा की,” अक्का म्हणाल्या.

आबा सावकाश उठले, माझ्याजवळ आले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी सवयीनं तोंड उघडलं. पण या वेळी हाताचा अर्थ उलटा होता. वाक्य माझं अडलं होतं, आणि उचलणार ते होते.

“डॉक्टर,” आबा म्हणाले, “मशीन बरोबर आहे. ती गुळणी माझी होती.”

तो आबांचा आवाज नव्हता. जरा नाकातला, वाक्याच्या शेवटाला खाली बसणारा, कुणी ऐकत नसणार असं धरून चालणारा आवाज. मला ओळखायला क्षणभर लागला. आईला लगेच ओळखू आला असता.

“मी भरतेश मगदूम,” आबा माझ्या आवाजात म्हणाले. “आबांना भ्या वाटत होतं म्हणून त्यांच्या जागी मीच गुळणी करत होतो. अकरा माझे आहेत. आता मला भ्या वाटतंय. लय वाटतंय.”

 सगळ्यात आधी टेबलावरची बाई बोलली.

“हा आवाज नोंदीत नाही. कृपया नवीन नाव नोंदवा.”

अक्कांनी आधी आबांकडं बघितलं, मग माझ्याकडं. मैदानात इतकी वर्षं हजारो लोकांना जी जोड दिसली नव्हती, ती त्यांना त्या एका नजरेत दिसली.

“म्हंजे मी कुनाच्या शून्याला शिरा करत हुते?” त्यांनी विचारलं.



“बस,” डॉक्टर मला म्हणाल्या आणि हातमोजे बदलले. त्या चिडल्या होत्या, पण ते त्यांनी नंतरसाठी ठेवलं. कॅमेरा माझ्या नाकातून गेला. पडद्यावर माझा घसा आला. आबांच्या घशाइतकाच गुलाबी, मला काही फरक दिसेना. डॉक्टरांनी रक्त घेतलं, गुळणी घेतली, मला मोठ्या यंत्रात घालून स्कॅन केलं, आणि दिवस कलताना परत कॅमेरा घातला. या वेळी उजव्या टॉन्सिलच्या घडीत एका जागी थांबल्या. “इथं,” त्या स्वतःशीच म्हणाल्या. मसुरीच्या डाळीएवढं काहीतरी. ते बघ म्हणून सांगितल्यावरही मला दिसत नव्हतं. आठ दिवसांनी तिथला तुकडा काढून केलेल्या तपासणीत तेच निघालं.

“एका वर्षानं आला असतास तर तुला आरशातसुद्धा दिसलं असतं,” डॉक्टर म्हणाल्या. मग राखून ठेवलेलं बाहेर काढलं. “माणूस दुसऱ्याच्या नावानं गुळणी करील हे ज्यांनी यंत्र बनवलं त्यांच्या स्वप्नातसुद्धा आलं नाही. आणि हे यंत्र तुझ्यासारख्या, कधी आजारी न पडलेल्या माणसाला आम्ही दिलंच नसतं. फसवलं नसतंस तर सापडला नसतास. हे मी लिहू कुठं, ते सांग.”

मी ते घरी जाऊन आईला कसं सांगितलं ते लिहिण्यासारखं नाही. तिनं दोन वाक्यांनंतर विचारलं, हे तू सांगतोयस का आबांची नक्कल करतोयस? मी परत पहिल्यापासून सांगितलं.

लसीची इंजेक्शनं सुरू झाली. घसा इतका सुजला की आवाज पूर्ण बंद झाला आणि तोंडाची चव गेली. अक्कांनी मला त्यांच्याकडंच ठेवून घेतलं. आबांना काचेचा ग्लास लागला, बशीसकट. “पाव्हनं, पानी घ्या,” असं म्हणून त्या ठेवायच्या आणि निघून जायच्या. मला तांब्या.

मग विट्याकडचं मोठं मैदान आलं. पत्रिका छापून झाल्या होत्या. आबा एकटेच गेले. मी अंथरुणावर पडून फोनवर मैदान लावलं, अक्का उंबऱ्यात बसून लसूण सोलत होत्या. दुपारपर्यंत आबा बोलले. मग त्यांचा घसा दमला. मला तो कळतो, वाक्य लहान व्हायला लागतात. माझा खांदा आपोआप पुढं झाला. त्यावर हात ठेवायला तिथं कुणी नव्हतं. आता माइक गप्प बसणार, मला वाटलं, आणि आता काहीतरी होणार.

एक श्वास गेला. मग माइकवरून दुसरा आवाज आला. नाकातला. वाक्याच्या शेवटी बसणारा.

“आबा जरा भाकरी खात्यात,” तो आवाज म्हणाला. “तवर मी हाय. मी भरतेश.”

पुढचा सगळा फेरा आबांनी माझ्या आवाजात सांगितला. त्यांचा घसा तेवढाच चालत होता, पण माझ्या आवाजाला ताकद कमी लागते, हे त्यांना आधीपासून ठाऊक असावं. अशा रीतीनं माझा आवाज पहिल्यांदा मैदानात गेला तेव्हा मी घरी पडून होतो आणि माझ्या तोंडातून हवा सोडून काही निघत नव्हतं. खाली लोक लिहीत होते. एकानं लिहिलं, आज भरतेश बोलला व्हय, बरा बोलतोय की. मी ते अक्कांना दाखवलं. त्यांनी वाचलं, लसणाची पाकळी सोलली आणि म्हणाल्या, “खोटारडा हाय नुसता.” पण रात्रीच्या जेवणाला आबांचा तांब्या परत आला.

आता सोमवारी आम्ही दोघं बसतो. यंत्र एकच, नावं दोन. अक्का डेअरीला जात नाहीत, दूध घालायला शेजारची सून जाते. अक्का पाटावर समोर बसतात आणि पेला कुणाच्या तोंडाला लागतो ते बघतात.

या सोमवारी आधी आबांची गुळणी. शून्य. मग माझी.

“नमस्कार, भरतेशजी. कृपया आपले नाव आपल्या आवाजात सांगा.”

मी सांगितलं. आवाज परत यायला लागला होता, पण अजून धड नव्हता.

“आवाज जुळला नाही. कृपया पुन्हा सांगा.”

पुन्हा सांगितलं. पुन्हा जुळला नाही.

“मी सांगू का?” आबांनी हळूच विचारलं.

“खबरदार,” अक्का म्हणाल्या.

मी पाणी प्यायलो आणि तिसऱ्यांदा सांगितलं, सावकाश, शेवटी खाली बसत.

“आवाज जुळला. धन्यवाद.”

गुळणी केली. बाई विचार करायला लागली. ती गप्प झाली की मला अजून माझा गुडघा धरावा लागतो. आबांचा हात माझ्या खांद्यावर आला, नुसताच, काही उचलायला न सांगता. बाहेर कुणीतरी स्कूटर चालू करत होतं आणि ती होत नव्हती.

“चार,” बाई म्हणाली.

 आवाज बंद होता तोवर दवाखान्यात मोजत होते; गेल्या खेपेला नऊ होते, त्याआधी चौदा. चार म्हणजे करवत चालू आहे. चार म्हणजे करवत अडखळते आहे. दोन्ही एकदम.

अक्का उठल्या आणि चुलीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. हातात रव्याचा डबा. “चाराला किती शिरा कराचा?” त्यांनी विचारलं. खरंच विचारलं. आबांनी माझ्याकडं बघितलं, मी आबांकडं. दवाखान्याच्या कागदावरही हे लिहिलेलं नव्हतं.

अक्कांनी अर्धा केला. साखर मात्र पूर्ण शिऱ्याची घातली, ते मी बसल्या जागेवरून बघितलं.

मी पहिला घास घेतला. चव अजून परत आली नव्हती; तोंडात गरम आणि मऊ काहीतरी होतं, एवढंच कळलं.

“कसा झालाय?” अक्कांनी विचारलं.

“गोड,” मी म्हणालो.

अक्कांनी मान तिरकी करून ऐकलं, कुणाचा आवाज आहे ते. मग वाटीत अजून एक चमचा वाढला.